दहापैकी दहा जुळणी असूनही जीव्हीएचडी का होतो, आणि दात्याच्या टी-पेशींचं करायचं काय?

ट्रान्सप्लांटनंतर दात्याच्या टी-पेशी, म्हणजे लढणाऱ्या पांढऱ्या पेशी, रुग्णाच्याच अंगावर उठतात, त्या आजाराला जीव्हीएचडी (ग्राफ्ट व्हर्सस होस्ट डिसीज) म्हणतात. त्याबद्दल प्रश्न असा आला आहे: «माझे मिस्टर ४१ वर्षांचे. एएमएल (ल्युकेमियाचा एक तीव्र प्रकार). नणंदेच्या स्टेम सेल दिल्या, जुळणी दहापैकी दहा. मेथोट्रेक्सेटचे डोस झाले, सायक्लोस्पोरिन चालू आहे. काउंट आले, आम्ही पेढे वाटायचे बाकी होतो. मग ट्रान्सप्लांटनंतर डे २६ ला तळहातांवर आणि कानांवर लाल पुरळ उठलं, तीन दिवसांत जुलाब सुरू झाले, दिवसाला सातशे-आठशे मिली. डॉक्टर म्हणतात जीव्हीएचडी. पूर्ण जुळणी होती तर हे झालंच कसं? ज्या टी-पेशी त्रास देतात त्या आधीच काढून का टाकल्या नाहीत? कुणी म्हणतं थोडा जीव्हीएचडी चांगलाच असतो, ते खरं का? आता स्टेरॉइडने प्रतिकारशक्ती दाबतायत, मग घरी गुळवेलीचा काढा, च्यवनप्राश असं काही दिलं तर चालेल का?»

ताई, शेवटच्या प्रश्नाचं उत्तर आधी देतो, कारण ते आजच लागणार आहे: काढा, च्यवनप्राश, गुळवेल यांतलं काहीही देऊ नका. कारण पुढे सांगतोच. प्रतिकारशक्ती वाढवायची की दाबायची, असा प्रश्न तुमच्या घरात सध्या पडलेला दिसतो. ट्रान्सप्लांटनंतर तो तसा पडतच नाही. मिस्टरांच्या अंगात आत्ता जी प्रतिकारशक्ती वाढते आहे ती तुमच्या नणंदेची आहे. तीच औषध आहे आणि त्रासही तीच देते आहे. आम्हाला त्यातल्या काही पेशी हव्या असतात, काही नको असतात, आणि कोणत्या केव्हा नको हे दर आठवड्याला बदलतं.

आता जुळणीबद्दल. दहापैकी दहा म्हणजे एचएलएच्या पाच जनुकांच्या दोन-दोन प्रती जुळल्या: ए, बी, सी, डीआरबी१ आणि डीक्यूबी१. ही जनुकं सहाव्या गुणसूत्रावर जवळजवळ असतात आणि बहुधा एकगठ्ठा वारशाने येतात, म्हणून सख्ख्या भावंडाशी पूर्ण जुळण्याची शक्यता चारात एक. तुमची जुळणी उत्तमच आहे, त्यात शंका नको. पण एचएलए हे प्रथिनांचे तुकडे टी-पेशींना दाखवणारं यंत्र आहे. यंत्र दोघांचं सारखं असलं तरी त्यावर दाखवले जाणारे तुकडे उरलेल्या सगळ्या गुणसूत्रांतून येतात, आणि भावंडांमध्ये तिथे असंख्य बारीक फरक असतात. त्यांना आम्ही मायनर अँटिजेन म्हणतो. जुळणीच्या रिपोर्टमध्ये ते नसतात. फक्त एकसारख्या जुळ्यांमध्ये हा फरक जवळपास शून्य असतो.

तुमच्या बाबतीत एक फरक तर कागदावर न बघताही सांगता येतो. दाता बहीण, रुग्ण भाऊ. भावाच्या प्रत्येक पेशीत वाय गुणसूत्र आहे, त्यावरून बनणारी काही प्रथिनं बहिणीच्या टी-पेशींनी स्वतःच्या अंगात कधी पाहिलेली नाहीत. नणंदेला मुलगे झाले असतील तर गरोदरपणात तिच्या प्रतिकारशक्तीची या प्रथिनांशी ओळख आधीच झालेली असू शकते. म्हणून स्त्री दाता आणि पुरुष रुग्ण या जोडीत जीव्हीएचडी, विशेषतः जुनाट स्वरूपाचा, जास्त दिसतो. त्याच जोडीत ल्युकेमिया परत येण्याचं प्रमाण मात्र कमी दिसतं. हे दोन्ही लक्षात ठेवा, पुढे लागेल.

याच फरकाचा एक फायदाही आहे. पेशी कुणाच्या, हे तपासणं तुमच्याकडे सोपं. रक्तात एक्सएक्स पेशी किती आणि एक्सवाय किती हे मोजलं की नणंदेच्या पेशींनी किती जागा घेतली ते कळतं. हो, आणि दोघांचा रक्तगट वेगळा असेल तर काही महिन्यांत मिस्टरांचा रक्तगट बहिणीचा होईल. जुनं ओळखपत्र दाखवून रक्त मागवू नका.

दुसरा प्रश्न तुमच्या पत्रातला सगळ्यात चांगला: टी-पेशी आधीच काढून का टाकल्या नाहीत?

हा प्रयोग होऊन गेला आहे, आणि त्याची किंमत बऱ्याच रुग्णांनी मोजली. मुळापासून सांगतो. १९५६ मध्ये इंग्लंडमधल्या हार्वेल इथे बार्न्स आणि लाउटिट यांनी ल्युकेमिया झालेल्या उंदरांना किरणोत्सर्ग देऊन मग मज्जा दिली. काहींना त्यांच्याच वाणाची, काहींना परक्या वाणाची. स्वतःच्या वाणाची मज्जा मिळालेल्यांचा ल्युकेमिया परत आला. परक्या वाणाची मिळालेले ल्युकेमियातून सुटले, पण झिजून, जुलाब होऊन मेले. आज तुमच्या मिस्टरांच्या केसपेपरवर जे दोन धोके लिहिले आहेत ते दोन्ही त्या पिंजऱ्यांत तेव्हाच दिसले होते. दहा वर्षांनी, १९६६ मध्ये, बिलिंगहॅम यांनी या आजाराच्या तीन अटी मांडल्या: दिलेल्या पेशींमध्ये लढू शकणाऱ्या प्रतिकारपेशी असाव्यात, रुग्णाच्या अंगात दात्याला परकं वाटेल असं काही असावं, आणि रुग्ण त्या पेशींना हाकलून देऊ शकत नसावा. ट्रान्सप्लांटमध्ये आपण या तिन्ही अटी स्वतःच्या हाताने पूर्ण करतो.

१९८०च्या दशकात मज्जेतून टी-पेशी गाळून काढण्याची तंत्रं आली. अपेक्षेप्रमाणे जीव्हीएचडी खूप कमी झाला. पण मग तीन गोष्टी वाढल्या: दात्याची मज्जा न रुजणं, विषाणूंचे संसर्ग, आणि ल्युकेमिया परत येणं. सिएटलच्या गटाने १९७९ मध्येच दाखवलं होतं की ज्यांना जीव्हीएचडी होतो त्यांच्यात ल्युकेमिया कमी परततो. १९९० मध्ये आंतरराष्ट्रीय नोंदवहीतल्या रुग्णांचा मोठा अभ्यास आला. एकसारख्या जुळ्याची मज्जा मिळालेल्यांमध्ये आणि टी-पेशी काढलेली मज्जा मिळालेल्यांमध्ये आजार परतण्याचं प्रमाण जास्त निघालं. त्याच वर्षी म्युनिकमध्ये कोल्ब आणि सहकाऱ्यांनी ट्रान्सप्लांटनंतर सीएमएल (ल्युकेमियाचा दुसरा एक प्रकार) परतलेल्या तीन रुग्णांना मूळ दात्याच्या लिम्फोसाइट (टी-पेशी ज्यांत येतात त्या पांढऱ्या पेशी) पुन्हा दिल्या, सोबत इंटरफेरॉन. पुन्हा केमोथेरपीचा जबर डोस नाही, किरणोत्सर्ग नाही. आजार गेला. ज्या पेशी काढून टाकायला निघालो होतो त्याच ल्युकेमिया मारतात, याहून थेट पुरावा मागायची गरज उरली नाही.

म्हणून एएमएलमध्ये सगळ्या टी-पेशी काढणं हा साधा उपाय नाही. ल्युकेमियाची शेवटची पेशी केमोने मरत नाही, हे आम्हाला माहीत असतं, म्हणून तर ट्रान्सप्लांट करतो. ती मारायचं काम नणंदेच्या टी-पेशींनी करायचं आहे, आणि थोडंफार एनके पेशींनी, म्हणजे बिघडलेल्या पेशी मारणाऱ्या दुसऱ्या एका प्रकारच्या प्रतिकारपेशींनी.

थॅलेसेमिया किंवा अप्लास्टिक ॲनिमियासाठी ट्रान्सप्लांट झालेल्या मुलांचे पालक हे वाचत असतील, त्यांच्यासाठी थांबून सांगतो: वरचा हिशेब तुम्हाला लागू नाही. तिथे मारायला कर्करोग नाही, त्यामुळे जीव्हीएचडीचा काडीचाही फायदा नाही. तिथे एटीजीसारखी औषधं सढळ वापरून टी-पेशी कमी केल्या जातात आणि ते योग्यच आहे. एएमएलवाल्याचा सल्ला थॅलेसेमियावाल्याने आणि उलट घेऊ नये. वॉर्डाबाहेरच्या बाकांवर नेमकं हेच चालतं.

मग करतात काय? टी-पेशी ठेवायच्या, पण सगळ्यात आक्रमक असलेल्यांना आवरायचं. तुमच्या मिस्टरांना सायक्लोस्पोरिन आणि मेथोट्रेक्सेट दिलं. ही जोडी १९८६ पासून चालत आलेली. सायक्लोस्पोरिन टी-पेशीला जागं होण्याचा इशारा पोचू देत नाही, आणि मेथोट्रेक्सेटचे छोटे डोस पहिल्या अकरा दिवसांत वाढू पाहणाऱ्या पेशींना छाटतात.

दुसरा मार्ग जॉन्स हॉपकिन्समधून आला, आणि मला तो या विषयातला सगळ्यात सुंदर विचार वाटतो. पेशी दिल्यावर दोन दिवस काहीच दाबायचं नाही. ज्या टी-पेशींना रुग्णाचं अंग परकं वाटतं त्या या दोन दिवसांत भराभर वाढायला लागतात. मग तिसऱ्या आणि चौथ्या दिवशी सायक्लोफॉस्फमाइडचा मोठा डोस, किलोमागे ५० मिलिग्रॅम. पहिल्या पावसानंतर तण उगवू द्यायचं आणि मगच कुळवाची पाळी घालायची, तसं. उगवून आलेलं तेवढं निघतं. स्टेम सेल वाचतात, कारण त्यांच्यात हे औषध निकामी करणारं अल्डिहाइड डिहायड्रोजिनेज भरपूर असतं. नियंत्रक टी-पेशी, ज्यांना आम्ही टी-रेग म्हणतो, त्याही बऱ्याच तगतात. पुढच्या संशोधनात दिसलं की मामला इतका सरळ नाही. नको असलेल्या सगळ्याच पेशी मरत नाहीत, उरलेल्या नुसत्या निष्प्रभ होतात आणि टी-रेग त्यांना दाबून ठेवतात. पण उपयोग निर्विवाद आहे. आज ‘हाफ मॅच’ ट्रान्सप्लांट, म्हणजे आईवडील किंवा मुलांकडून अर्ध्या जुळणीवर, एवढ्या सहजपणे होतात ते याच युक्तीमुळे.

मग ती पूर्ण जुळणीतही वापरावी का? २०२३ मध्ये अमेरिकेतल्या मोठ्या चाचणीचा निकाल आला. चांगली जुळणी, सौम्य पूर्वतयारी, रक्तातून घेतलेल्या स्टेम सेल. वर्षभरानंतर जिवंत, आजार परतलेला नाही, गंभीर तीव्र जीव्हीएचडी नाही आणि गोळ्या-इंजेक्शनं लागावीत असा जुनाट जीव्हीएचडी नाही, असे रुग्ण पोस्ट-सायक्लो गटात (नंतर सायक्लोफॉस्फमाइड मिळालेल्यांत) ५२.७ टक्के होते, जुन्या पद्धतीत ३४.९ टक्के. त्यानंतर अनेक केंद्रांनी पद्धत बदलली. तुमच्या केंद्राने जुनी जोडी वापरली म्हणजे चूक केली असं मात्र नाही. पूर्वतयारी किती तीव्र होती, हृदय कसं होतं, आजार परतण्याचा धोका किती, यावर हा निर्णय ठरतो. आता झालेल्या निवडीवरून वाद घालण्यात अर्थ नाही.

आता जुलाबांकडे येऊ, कारण पुरळ लवकर आटोक्यात येतं, खरी कसोटी आतड्याची असते.

ट्रान्सप्लांटपूर्वीच्या केमोने आतड्याचं अस्तर सोललं गेलेलं असतं. तिथून जिवाणूंचे अंश रक्तात झिरपतात. रुग्णाच्या स्वतःच्या उरलेल्या प्रतिकारपेशी त्यामुळे चेततात, टीएनएफ, इंटरल्यूकिन-६ अशी रसायनं सोडतात, आणि नेमक्या याच गोंधळात नणंदेच्या टी-पेशी पहिल्यांदा मिस्टरांच्या पेशींना भेटतात. शांत वातावरणात भेटल्या असत्या तर कदाचित दुर्लक्षही केलं असतं. चेतलेल्या टी-पेशी लसिकाग्रंथींत वाढतात आणि मग तीन ठिकाणी जातात: त्वचा, यकृत, आतडं. आतड्यात त्या अस्तराच्या खोल खाचांमधल्या स्टेम सेल मारतात, म्हणजे अस्तर नव्याने बनायचं थांबतं. शेजारच्या पॅनेथ पेशीही मरतात. या पेशी जिवाणूंवर वचक ठेवणारी प्रथिनं बनवतात. त्या गेल्या की आतड्यातल्या शेकडो जातींच्या जिवाणूंची वस्ती एक-दोन जातींच्या ताब्यात जाते, बऱ्याचदा एन्टेरोकॉकसच्या. त्यात ताप आला म्हणून दिलेल्या अँटिबायोटिकची भर. तीन देशांतल्या चार केंद्रांचा अभ्यास २०२० मध्ये आला, त्यात ज्यांच्या आतड्यातली ही विविधता घटली त्यांचे मृत्यू जास्त दिसले. तरी ताप आल्यावर अँटिबायोटिक टाळू नका. काउंट नसताना ताप म्हणजे जीवघेणी गोष्ट, तिथे आतड्यातल्या जिवाणूंची काळजी नंतर.

तुम्ही मिलीमध्ये लिहिलंत ते फार बरं केलंत. ‘पाच-सहा वेळा झालं’ याने आम्हाला काही कळत नाही. प्रौढांमध्ये दिवसाला ५०० ते ९९९ मिली ही पहिली पायरी, १००० ते १५०० दुसरी, त्यावर तिसरी, आणि तीव्र पोटदुखी, आतडं थंडावणं किंवा रक्त पडणं ही चौथी. तुम्ही सांगितलेल्या आकड्यावर आतडं पहिल्या पायरीवर आहे, आणि यकृत ठीक असेल तर एकूण श्रेणी दोन होते. हे आजचं. दोन दिवसांत ते बदलू शकतं, म्हणून मोजपात्र सोडू नका, आणि लघवी वेगळी मोजा. दोन्ही एकत्र धरून आकडा फुगवलेला अनेकदा पाहतो.

प्रत्येक जुलाब जीव्हीएचडी नसतो, हेही तितकंच खरं. सीएमव्ही विषाणू आतड्यात असाच दिसतो. सी. डिफिसिल नावाचा जिवाणू असतो. प्रतिकारशक्ती दाबणारं मायकोफेनोलेट चालू असेल तर ते औषधच जुलाब करतं. म्हणून दुर्बिणीने तुकडा घेतात. प्लेटलेट कमी असताना घरचे याला घाबरतात, ते साहजिक आहे, पण खालच्या टोकाची छोटी तपासणी प्लेटलेट देऊन करता येते. जीव्हीएचडीसाठी लागणारं स्टेरॉइड विषाणूच्या आजारात दिलं तर विषाणू मोकाट सुटतो, तेव्हा तो तुकडा महत्त्वाचा. मात्र लक्षणं वाढत असतील तर रिपोर्टची वाट न बघता उपचार सुरू करतात, तेही बरोबर.

स्टेरॉइड म्हणजे सहसा मिथाइलप्रेडनिसोलोन, किलोमागे दिवसाला २ मिलिग्रॅमपर्यंत. साधारण अर्ध्या रुग्णांना नीट गुण येतो. तीन ते पाच दिवसांत आजार वाढतच गेला, किंवा आठवडाभरात काहीच उतरला नाही, तर त्याला स्टेरॉइडला दाद न देणारा म्हणतात आणि पुढचं औषध सुरू करतात. पूर्वी या टप्प्यावर आमच्या हातात फारसं काही नव्हतं. आता रुक्सोलिटिनिब आहे. चेतलेल्या टी-पेशींना रसायनांचे संदेश ज्या मार्गाने मिळतात तो ते अडवतं. २०२० च्या चाचणीत अठ्ठाविसाव्या दिवशी गुण आलेले रुग्ण रुक्सोलिटिनिबवर ६२ टक्के, इतर उपचारांवर ३९ टक्के होते. हे भारतात मिळतं. याने काउंट आणि प्लेटलेट खाली येतात, सीएमव्ही डोकं वर काढतो, म्हणून रक्ताच्या तपासण्या वाढतील. स्टेरॉइड महिनोन्‌महिने लांबवत बसण्यापेक्षा वेळेवर दुसरं औषध जोडावं, या मताचा मी आहे. स्टेरॉइडने साखर वाढते हे सगळ्यांना माहीत असतं. मांड्यांचे स्नायू जातात हे कुणी सांगत नाही. खुर्चीवरून हाताचा आधार न घेता उठण्याचा सराव आजपासून करून घ्या.

‘थोडा जीव्हीएचडी चांगला’ याबद्दल. वाक्य खोटं नाही, पण अर्धंच आहे. हातावर थोडं पुरळ येऊन गेलं तर दात्याच्या पेशी जाग्या आहेत एवढं समाधान मानायला हरकत नाही. तिसऱ्या-चौथ्या श्रेणीचा जीव्हीएचडी मात्र ल्युकेमियापासून जेवढं वाचवतो त्यापेक्षा जास्त माणसं स्वतःच नेतो, संसर्गाने आणि रक्तस्रावाने. शिवाय जीव्हीएचडी अजिबात न होताही ल्युकेमिया कायमचा गेलेले पुष्कळ आहेत. दोन्ही परिणाम एकाच पेशींचे, तरी ते वेगळे करता येतात. त्यामुळे पुरळ गेलं म्हणून ‘आता आजार परत येणार का’ ही चिंता करू नका.

नणंदेचं नाव मुद्दाम घेतो. भावाला आपल्या पेशींनी त्रास होतोय हे कळल्यावर दात्याला अपराधी वाटतं, बोलून दाखवत नाहीत. तिच्या रक्तात दोष नाही, तिने काही वेगळं खाल्लं-प्यायलं असतं तर हे टळलं असतं असंही नाही. पूर्ण जुळणाऱ्या भावंडांच्या पेशींनंतरही तीनातल्या एका रुग्णाला तरी उपचार लागेल इतका तीव्र जीव्हीएचडी होतो. रक्तातून पेशी घेतल्या असतील तर त्यात मज्जेच्या साधारण दहापट टी-पेशी येतात, हेही एक कारण. तिला हे कुणीतरी समोर बसून सांगा.

आता तुमची खरी भीती: स्टेरॉइड चालू असताना संसर्ग. ती रास्त आहे. ‘काउंट आले’ म्हणजे फक्त न्यूट्रोफिल आले. ते जिवाणूंशी लढतात. त्यांच्यामागोमाग पहिल्या एक-दोन महिन्यांत एनके पेशी येतात. प्रतिद्रव्यं बनवणाऱ्या बी-पेशी नीट व्हायला सहा महिने ते दोन वर्षं लागतात. सगळ्यात मागे टी-पेशी, त्यातही सीडी४ प्रकारच्या. नव्या टी-पेशी घडवणारी थायमस ग्रंथी चाळिशीत जवळजवळ आटलेली असते, आणि जीव्हीएचडी तिलाही इजा करतो. म्हणून रिपोर्टवर पांढऱ्या पेशी ६००० दिसल्या तरी विषाणू आणि बुरशीच्या बाबतीत मिस्टर अजून उघडेच आहेत.

या काळात सीएमव्हीकडे सगळ्यात जास्त लक्ष असतं. आपल्याकडच्या बहुतेक प्रौढांच्या अंगात हा विषाणू लहानपणापासून निजलेला असतो. दर आठवड्याची पीसीआर, म्हणजे रक्तातला विषाणू मोजणारी तपासणी, त्यासाठीच आहे. आकडा वाढला की लक्षणं येण्याआधीच औषध देतात. ती तपासणी महाग वाटते म्हणून एखादा आठवडा गाळू नका. न्यूमोसिस्टिस या फुफ्फुसाच्या संसर्गासाठी सेप्ट्रान, बुरशीसाठी पोसाकोनॅझोल, नागिणीसाठी असायक्लोविर, या गोळ्या कंटाळवाण्या आहेत, पण स्टेरॉइड चालू असेपर्यंत आणि नंतरही काही महिने घ्याव्या लागतात. आपल्या देशात क्षयाचा विचारही डोक्यात ठेवावा लागतो. पूर्वी कधी झाला असेल, घरात कुणाला असेल, तर आठवणीने सांगा. घराच्या भिंतीला ओल असेल, शेजारी बांधकाम चालू असेल, तर डिस्चार्जआधी राहण्याची दुसरी सोय बघा. अ‍ॅस्परजिलस नावाची बुरशी अशाच धुळीतून आणि ओलीतून फुफ्फुसात जाते.

गुळवेलीकडे परत येतो. जी प्रतिकारशक्ती चेतू नये म्हणून सायक्लोस्पोरिन, स्टेरॉइड देतोय तिला चेतवणारं काही वरून देणं हा पहिला आक्षेप. दुसरा त्याहून व्यवहारी. जीव्हीएचडीच्या तीन अवयवांत यकृत आहे. मुंबईतल्या यकृततज्ज्ञांनी २०२१ मध्ये गुळवेल घेतल्यानंतर यकृताला सूज आलेल्या सहा रुग्णांची नोंद प्रसिद्ध केली. त्यावर आयुष मंत्रालयाने हरकत घेतली, तो वाद इथे नको. पण उद्या मिस्टरांचं बिलिरुबिन चढलं तर ते काढ्याने की जीव्हीएचडीने, हे ठरवायला यकृताचा तुकडा काढावा लागेल. एवढ्यासाठीच सांगतो, काढा बंद. आधीच दिला असेल तर डॉक्टरांना सांगा, कुणी रागावणार नाही. पपनस आणि ग्रेपफ्रूटही नको, त्याने सायक्लोस्पोरिनची रक्तातली लेव्हल चढते. बुरशीच्या गोळ्यांनीही चढते, म्हणून एखादी गोळी सुरू किंवा बंद झाली की लेव्हल पुन्हा बघतात. लेव्हलच्या दिवशी सकाळची सायक्लोस्पोरिनची गोळी रक्त दिल्यावरच घ्यायची. ही एक गोष्ट चुकली की सगळा आकडा फसवा येतो.

आहार: जुलाब जोरात असतील तर डॉक्टर काही दिवस तोंडाने काही देणार नाहीत. सुरू झाल्यावर तांदळाची पेज, मऊ भात, उकडलेला बटाटा, असं चढत जायचं. दूध, तिखट, तेलकट, कोंडायुक्त पदार्थ शेवटी. ताक आणि घरचं दही यावर केंद्राकेंद्रांत मतभेद आहेत. आतड्याचं अस्तर सोललेलं असताना जिवंत जिवाणू पोटात जाऊ नयेत असं मला वाटतं, त्याच कारणाने प्रोबायोटिकच्या पुड्याही नकोत.

रक्ताची गरज पडली आणि नातेवाईक ‘घरचंच रक्त देऊ’ म्हणून पुढे आले तर त्यांचे आभार मानून नाही म्हणा. जवळच्या नात्यातल्या रक्तातल्या लिम्फोसाइट रुग्णाच्या अंगात रुजून वेगळाच जीव्हीएचडी करू शकतात, आणि तो जवळजवळ नेहमीच प्राणघातक ठरतो. रक्तपेशी आणि प्लेटलेटच्या पिशव्या विकिरण केलेल्याच हव्यात. पिशवीवर तशी चिठ्ठी असते, ती वाचायला तुम्ही शिका.

घरात लहान बाळ असेल तर पोलिओच्या थेंबांआधी डॉक्टरांशी बोला. त्या थेंबांतला जिवंत विषाणू बाळाच्या शौचातून काही आठवडे बाहेर पडतो. मिस्टरांच्या स्वतःच्या लसी नव्याने द्याव्या लागतील, कारण जुन्या लसींची आठवण बरीचशी पुसली जाते. निर्जीव लसी तीन ते सहा महिन्यांपासून सुरू होतात. गोवर, कांजिण्यांसारख्या जिवंत लसी दोन वर्षांआधी नाहीत, आणि जीव्हीएचडी किंवा स्टेरॉइड चालू असेल तर तेव्हाही नाहीत.

पुढच्या काळात जुनाट जीव्हीएचडीवर लक्ष ठेवावं लागेल. शंभर दिवसांची जुनी रेघ आता मानत नाहीत, लक्षणांवरून ठरवतात. त्यात टी-पेशींबरोबर बी-पेशी आणि मॅक्रोफेज (गिळून साफ करणाऱ्या पेशी) याही सामील असतात, आणि शेवटी अवयव कडक होत जातात. डोळ्यांत कुसळ गेल्यासारखं वाटणं, तिखटाने तोंड सोलवटणं, कातडी ताठरणं हे दिसतं तरी. फुफ्फुसाचं दिसत नाही. श्वासनलिकेच्या बारीक फांद्या बंद होत जातात आणि रुग्ण ‘अशक्तपणा आहे’ म्हणून जिना चढायचं टाळतो. म्हणून पहिली दोन वर्षं दर तीन महिन्यांनी फुंकण्याची तपासणी, म्हणजे स्पायरोमेट्री, आपणहून मागून घ्या. यासाठी रुक्सोलिटिनिब, इब्रुटिनिब, बेल्युमोसुडिल अशी औषधं गेल्या काही वर्षांत आली, आणि २०२४ मध्ये अमेरिकेत मॅक्रोफेजना रोखणाऱ्या ॲक्झाटिलिमॅबला मंजुरी मिळाली. लवकर सापडलं तर यांचा उपयोग होतो. कडक झालेलं फुफ्फुस मऊ करणारं औषध अजून नाही. ऊन्हाने त्वचेचा जीव्हीएचडी भडकतो, तेव्हा बाहेर पडताना पूर्ण बाह्या, टोपी, सनस्क्रीन.

उद्याच्या राउंडला डॉक्टरांना चार गोष्टी विचारा: श्रेणी किती ठरवली, सीएमव्हीचा आकडा किती, आतड्याचा तुकडा घेणार का, आणि स्टेरॉइडने किती दिवसांत फरक पडला नाही तर रुक्सोलिटिनिब सुरू करणार. शेवटच्याचं उत्तर तारखेसकट घ्या. औषधाच्या मंजुरीची किंवा मदतनिधीची कागदपत्रं लागणार असतील तर ती त्या तारखेच्या आत तयार असायला हवीत. डिस्चार्जनंतर ताप ३८ अंश, म्हणजे १००.४ फॅरनहाइट, झाला की रात्र असली तरी पॅरासिटामॉल देऊन सकाळची वाट बघायची नाही, थेट केंद्राला फोन करून निघायचं.